मर्देका आणि प्रेमान

इंडोनेशियातील एखाद्या वृत्तपत्राचे पान मराठी माणसाला मोठ्याने वाचून दाखविले, तर प्रथमतः त्याला ओळखीच्या गावी उतरल्यासारखे वाटेल. भाषेला तेथे ‘बहासा’ म्हणतात, मनुष्याला ‘मनुसिया’, स्वर्गाला ‘सुर्गा’, पतीला ‘सुआमी’ आणि पत्नीला ‘इस्त्री’. परंतु हा आनंद फार वेळ टिकत नाही. ‘चाहाया’ हा शब्द कानी पडताच तो छाया शोधू लागतो, आणि तेथे त्या शब्दाचा अर्थ प्रकाश असा निघतो! ‘पेंदेता’ हा पंडित खरा, पण तो ख्रिस्ती देवळातील धर्मोपदेशक आहे. ‘पुआसा’ म्हणजे मूळचा उपवास, पण तो रमझानच्या महिन्यात पाळावयाचा. ‘सेंगसारा’ म्हणजे संसार नव्हे, तर हालअपेष्टा. या ठिकाणी मात्र अर्थात फारसे अंतर पडले नाही, असे म्हणणारे अनुभवी गृहस्थ महाराष्ट्रातही भेटतील.

ही झाली पुस्तकी शब्दांची गोष्ट. परंतु जाकार्ताच्या रस्त्यावर, बसमध्ये, चहाच्या टपरीवर जी भाषा ऐकू येते, तिच्यापुढे संस्कृतचा हा शिधा पुरत नाही. किंबहुना शाळेत इंडोनेशियन भाषा उत्तम शिकून गेलेला परदेशी मनुष्यही तेथे पहिले काही आठवडे बधिरासारखा वावरतो. याचे कारण या भाषेच्या जन्मातच आहे. १९२८ च्या ऑक्टोबर महिन्यात बाटाव्हिया येथे भरलेल्या युवक परिषदेने एक देश, एक राष्ट्र आणि एकतेची एक भाषा यांची शपथ घेतली. त्या वेळी जावानीज भाषा बोलणारांची संख्या सर्वांत मोठी होती. तरीही निवड झाली ती मलाय भाषेची. ती बंदरोबंदरीच्या व्यापारात पूर्वीपासून रुळलेली होती, आणि मुख्य म्हणजे ती कोणा एका बलाढ्य समाजाची मिरास नव्हती. निवड शहाणपणाची झाली यात शंका नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, कोट्यवधी लोकांना राष्ट्रभाषा आईच्या तोंडून न येता शिक्षकाच्या तोंडून आली. कचेरी, वर्ग, व्यासपीठ आणि आकाशवाणी यांची ती भाषा झाली. जिव्हाळ्याचे, रागाचे, थट्टेचे बोलणे तिच्यात करावयाचे कसे, हा प्रश्न उरलाच. आणि तो सोडविण्याचे काम पंडितांनी नव्हे, तर रस्त्यावरच्या पोरांनी केले.

या साऱ्या व्यवहारात सर्वांत अवघड शब्द कोणता, असे विचारले तर उत्तर विचित्र वाटेल. तो शब्द ‘मी’ हा होय. सभ्य इंडोनेशियन मनुष्य स्वतःला ‘साया’ म्हणतो. हा मूळचा संस्कृत ‘सहाय’. म्हणजे सोबती, अनुयायी. मलाय भाषेत जाताना हा सोबती सेवकाच्या पायरीवर उतरला. ‘हांबा सहाया’ म्हणजे दास, गुलाम. आणि मोठ्यांच्या समोर ‘हा दास असे म्हणतो’ असे नम्रपणे बोलता बोलता ‘सहाया’चा ‘साया’ झाला व ‘मी’ या अर्थी स्थिरावला. मराठी पत्रांतून ‘आपला आज्ञाधारक सेवक’ अशी सही करणारी पिढी होऊन गेली. तेथे ती सही सर्वनामातच जाऊन बसली इतकेच. आज ‘साया’ म्हणणाऱ्याला आपण स्वतःला गुलाम म्हणवीत आहो, याची जाणीवही नसते. दुसरा शब्द ‘आकु’. तो या बेटांचा स्वतःचा, अतिशय जुना. मित्रापाशी, प्रार्थनेत आणि काव्यात शोभणारा. कवी खैरिल अन्वर याने १९४३ साली लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या कवितेला नावच ‘आकु’ असे दिले होते.

‘मी’ची ही गत, तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा घोळ विचारूच नये. जावानीज समाजात बोलण्याच्या पायऱ्या कडक आहेत. बरोबरीच्या माणसाशी वा लहानाशी ‘ङोको’ आणि वडीलधाऱ्यांशी ‘क्रामा’, अशा जवळजवळ दोन भाषाच तेथे नांदतात. नव्या राष्ट्रभाषेत तरी ही उतरंड नसावी, अशी अनेकांची इच्छा होती. क्रांतीच्या काळात ‘बुंग’ हे संबोधन पुढे आले. बुंग म्हणजे भाऊ, दादा. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो हे ‘बुंग कार्नो’ आणि उपाध्यक्ष हट्टा हे ‘बुंग हट्टा’. राष्ट्राध्यक्षाला भाऊ म्हणावयाचे, ही त्या काळची उमेद होती. १९४५ साली चित्रकार अफांदी याने साखळदंड तोडणाऱ्या तरुणाचे एक भित्तिपत्रक काढले. त्याखाली घालावयाचे शब्द खैरिल अन्वरने सुचविले: ‘बुंग, आयो बुंग!’ म्हणजे ‘चला दादा, चला!’ असे सांगतात की, ही हाक त्याने बाटाव्हियातील वेश्यांच्या तोंडून उचलली होती. क्रांतीला रस्त्यावरच्या शब्दाचा विटाळ झाला नाही. पुढे १९५७ साली रोसिहान अन्वर यांच्या ‘पेडोमान’ या दैनिकातून ‘आन्दा’ हे नवेच सर्वनाम लोकांपुढे ठेवण्यात आले. लहान-मोठा, श्रीमंत-गरीब, कोणालाही चालेल असा ‘तुम्ही’ त्यांना हवा होता. शब्द टिकला, पण तो जाहिरातीत, छापील सूचनांत आणि परक्या माणसाशी बोलताना. बापाला ‘आन्दा’ म्हणण्याचे धाडस अजून कोणाला झालेले नाही, आणि ‘बुंग’ वयस्कर होऊन इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसला.

शहरी तरुणाने या साऱ्या पेचातून आपली सुटका निराळ्याच वाटेने करून घेतली. तो स्वतःला ‘गुए’ म्हणतो आणि समोरच्याला ‘लु’. हे दोन्ही शब्द होक्कियेन या दक्षिण चिनी बोलीतले. बाटाव्हियाच्या पेठेत चिनी व्यापारी आणि तेथील बेतावी लोक शतकानुशतके एकमेकांशेजारी राहिले, त्या शेजारातून ते बेतावी बोलीत आले आणि तेथून अवघ्या जाकार्ताचे झाले. पैसे मोजण्याचे शब्दही त्याच घरचे. ‘चेपेक’ म्हणजे शंभर, ‘गोपेक’ पाचशे, ‘गोचेंग’ पाच हजार, ‘चेबान’ दहा हजार, ‘गोबान’ पन्नास हजार. रिक्षावाला, भाजीवाली, महाविद्यालयीन विद्यार्थी, सारे या हिशेबात तरबेज.

या गोष्टीला एक काळी किनार आहे. सुहार्तो यांच्या राजवटीत, १९६७ साली, चिनी लोकांचे धर्माचार आणि सणवार उघड्यावर साजरे करण्यास बंदी झाली. चिनी लिपी सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली. या समाजाला सन्मानाने ‘तियोंगहोआ’ म्हणत. त्याऐवजी सरकारी लिखाणात ‘चिना’ हा शब्द त्याच वर्षी परिपत्रक काढून लादण्यात आला, आणि तो कसा उच्चारला जातो हे ज्यांना तो ऐकावा लागे त्यांना चांगले ठाऊक होते. परिपत्रक काढणारांच्या मुलांना मात्र कोणी विचारले नाही की, तुम्ही स्वतःला ‘मी’ म्हणता तो शब्द कोणाचा? १९९८ च्या मे महिन्यात जाकार्तात चिनी वस्त्यांवर हल्ले झाले, दुकाने जळाली. जीव मुठीत धरून लोकांनी दारांवर ‘मिलिक प्रिबुमी’, म्हणजे ‘हे दुकान भूमिपुत्राचे आहे’, असे लिहून ठेवले. यातील ‘बुमी’ ही आपलीच ‘भूमी’. सणांवरील बंदी २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी उठविली, आणि ते परिपत्रक राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो यांनी २०१४ साली रद्द केले. एक शब्द परत मिळावयास सत्तेचाळीस वर्षे लागली. या सर्व काळात ‘गुए’ आणि ‘लु’ यांच्या वाटेला कोणीही गेले नव्हते.

‘चेपेक’ या शब्दाची अखेर मात्र विनोदी झाली. १९८१ साली सरकारी दूरदर्शनवर ‘सी उन्यिल’ ही बाहुल्यांची मालिका सुरू झाली. तीत पाक ओगाह नावाचा एक टकलू आळशी इसम होता. ‘ओगाह’ याचा अर्थच ‘नको बुवा’. कोणतेही काम सांगितले तरी आधी चेपेक मागावयाचे, हा त्याचा परिपाठ. चौकात उभे राहून वळणाऱ्या मोटारींना वाट करून देणारे आणि त्याबद्दल चिल्लर घेणारे जे बेकार तरुण असतात, त्यांना तेव्हापासून ‘पाक ओगाह’ हे नाव चिकटले. त्यांनाच ‘चेपेक पोलीस’ही म्हणतात. पुढे १९९७-९८ च्या आर्थिक अरिष्टात रुपिया असा गडगडला की शंभर रुपियांना काहीही येईनासे झाले. तरीही नाव राहिले, मराठीत दमडी राहिली आहे तसे.

आता ‘मर्देका’कडे वळावयास हरकत नाही. स्वातंत्र्ययुद्धात लोक एकमेकांना भेटल्यावर हात उंचावून याच शब्दाने अभिवादन करीत. याचे मूळ संस्कृत ‘महर्द्धिक’, म्हणजे मोठ्या ऋद्धीचा, ऐश्वर्याचा धनी. या बेटांत आल्यावर त्याला ‘कोणाचे बंधन नसलेला’ असा अर्थ आला. डच कंपनीच्या बाटाव्हियात सतराव्या शतकात ‘मार्डाइकर’ नावाचा एक समाज होता. ते मुक्त झालेले गुलाम आणि त्यांची संतती. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज बंगाल, कोरोमंडल आणि मलबार या किनाऱ्यांवरून पकडून नेलेले होते. ते पोर्तुगीज वळणाची बोली बोलत व ख्रिस्ती धर्म पाळीत. उत्तर जाकार्तातील तुगु या वस्तीत त्यांचे वंशज आजही ‘क्रोंचोंग’ संगीत गातात. ऐश्वर्यवंतासाठी घडविलेला शब्द अशा रीतीने प्रथम सुटलेल्या गुलामाचा झाला आणि नंतर राष्ट्राचा.

त्याच डच काळात दुसरा एक ‘मुक्त माणूस’ जन्मास आला. डच भाषेत ‘फ्रायमान’ म्हणजे स्वतंत्र मनुष्य, जो कंपनीच्या चाकरीत नाही असा. त्याचा मलाय उच्चार ‘प्रेमान’. बराच काळ हा शब्द निरुपद्रवी होता. साध्या वेशातील पोलिसाला ‘प्रेमान कपड्यातला’ असे आजही म्हणतात. परंतु चाकरी नसलेला मनुष्य हळूहळू उनाड ठरला, उनाडाचा गुंड झाला आणि बाजारात दुकानदारांकडून हप्ते वसूल करणारा दादा म्हणजे प्रेमान, असा अर्थ कायम झाला. दोन्ही शब्दांचा मूळ आशय एकच. एक ध्वजाबरोबर वर गेला, दुसरा बाजारच्या बसस्थानकात राहिला.

या प्रेमान मंडळींनी आपली एक सांकेतिक बोली बनविली. तिची कृती अशी: शब्दाचे पहिले अक्षर आणि त्याला लागून येणारे व्यंजन एवढाच तुकडा ठेवावयाचा, बाकीचे टाकून द्यावयाचे आणि मध्ये ‘ओक’ घालावयाचे. ‘बापाक’ म्हणजे वडील. त्याचा ‘बाप’ ठेवला, ‘ओक’ घातला, की झाले ‘बोकाप’. ‘गिला’ म्हणजे वेडा, त्याचा ‘गोकिल’. ‘रुमाह’ म्हणजे घर, त्याचा ‘रोकुम’. ‘दुइत’ म्हणजे पैसा, त्याचा ‘दोकु’. याच रीतीने खुद्द ‘प्रेमान’चा ‘प्रोकेम’ झाला, आणि बोलीलाही ‘प्रोकेम’ हेच नाव पडले. मग शाळा-महाविद्यालयांतील, चांगल्या घरची मुले ती बोलू लागली. आईसाठी ‘न्योकाप’ हा शब्द वडिलांच्या ‘बोकाप’शी जोडी जुळावी म्हणून तयार झाला. गुंडांची गुप्त भाषा वडिलांना कळू नये म्हणून वापरावी आणि तिच्यातला सर्वांत चालता शब्द वडील हाच असावा, यात गंमत आहे! ही बोली १९८० च्या दशकात इतकी बोकाळली की तिचा छापील कोशही निघाला.

त्याच दशकाच्या आरंभी, १९८३ पासून दोन-तीन वर्षे, खऱ्या प्रेमानांची प्रेते रस्त्यांवर पडलेली आढळू लागली. अंगावर गोंदण असलेल्या हजारो तरुणांना रात्री उचलून गोळ्या घालण्यात आल्या. वृत्तपत्रांनी त्याला ‘पनेम्बाकान मिस्तेरियुस’, म्हणजे गूढ गोळीबार, असे म्हटले आणि लोकांनी त्याचे ‘पेत्रुस’ असे लघुरूप केले. ख्रिस्ती परंपरेतील संत पीटरचे तेथील नावही पेत्रुसच आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सुहार्तो यांनी हा उपाय समाजाला धक्का देण्यासाठी योजिल्याचे मान्य केले. प्रोकेम बोलणारे विद्यार्थी वर्गात सुरक्षित होते. ज्यांच्याकडून त्यांनी ती घेतली, ते नव्हते.

शब्द उलटे करण्याचा नाद जाकार्तापुरता नाही. पूर्व जावातील मालांग शहरी शब्द शेवटाकडून वाचतात. मालांगचे ‘ङालाम’ होते, आणि पोरगा या अर्थाच्या ‘आरेक’चे ‘केरा’. ‘केरा’चा सरळ अर्थ माकड, पण मालांगकर ते नाव अभिमानाने मिरवितात. स्वातंत्र्ययुद्धात डचांच्या हेरांना चकविण्यासाठी गनिमांनी ही युक्ती काढली, असे तेथे सांगतात. योग्याकार्ताची रीत अधिक विद्वत्तेची आहे. जावानीज लिपीची वीस अक्षरे पाच-पाचांच्या चार ओळींत पाठ करावयाची असतात. पहिल्या ओळीचे अक्षर तिसऱ्या ओळीतल्या सोबत्याशी आणि दुसऱ्या ओळीचे चौथीशी बदलावयाचे. असे केले म्हणजे ‘मातामु’ याचे ‘दागादु’ होते आणि ‘मास’, म्हणजे दादा, याचे ‘दाब’. महानुभाव पंथीयांची सकळ लिपी ज्यांना माहीत आहे, त्यांना हे तंत्र परके वाटणार नाही. ‘मातामु’चा शब्दशः अर्थ ‘तुझा डोळा’ एवढाच; परंतु तेथे ती चांगली सणसणीत शिवी आहे, आणि याच शिवीच्या गुप्त रूपाखाली विकले जाणारे सदरे पर्यटक हौसेने घालून परत येतात.

जुने झालेले शब्द कसे बाद होतात, याचीही दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. वसाहतकाळी घरकाम करणाऱ्या बाईला ‘बाबु’ म्हणत. बंगालचा बाबू कोठे आणि ही बाबु कोठे! पुढे हा शब्द अपमानास्पद वाटू लागला, म्हणून ‘पेम्बान्तु’, म्हणजे मदतनीस, आला. सरकारी भाषेने ‘प्रामुविस्मा’ असा भारदस्त शब्द घडविला. त्यातील ‘विस्मा’ म्हणजे संस्कृत ‘वेश्म’, घर. आता ‘गृहसाहाय्यक’ या अर्थाचा शब्द चालतो. झाडू तोच आहे. दुसरे उदाहरण ‘वानिता’ आणि ‘पेरेंपुआन’ यांचे. ‘वानिता’ म्हणजे वनिता. सुहार्तोंच्या काळात हाच सभ्य शब्द होता व ‘पेरेंपुआन’ जरा गावंढळ मानला जाई. स्त्रियांच्या चळवळीने हा निवाडा फिरविला. वनिता म्हणजे जिची इच्छा धरली जाते ती. ‘पेरेंपुआन’मध्ये मात्र ‘एम्पु’ आहे, आणि एम्पु म्हणजे स्वामी, कसबी. १९९८ साली स्थापन झालेल्या महिला आयोगाने ‘पेरेंपुआन’ हेच नाव घेतले आणि पुढील वर्षी मंत्रालयाच्या नावातूनही ‘वानिता’ गेली. व्युत्पत्ती कितपत पक्की आहे याची चिकित्सा पंडितांनी करीत राहावी. ज्यांना ते नाव धारण करावयाचे, त्यांनी निवड केली आहे.

परंतु सभ्य शब्दांतच अधिक भय असते, हे त्या राजवटीत दिसले. भाववाढीला ‘जुळवणी’ म्हणत. दुष्काळ पडलेल्या भागाला ‘अन्नदृष्ट्या नाजूक’ म्हणत. गरीब कुटुंब ‘प्रासेजाहतेरा’, म्हणजे समृद्धीच्या अलीकडचे. यातील ‘प्रा’ हा आपला ‘प्राक्’ नसला तरी भाऊबंद खरा. एखाद्या अधिकाऱ्याने लाच खाल्ली वा कोणाला मारहाण केली, तर तो ‘ओक्नुम’ ठरे. हा अरबीतून आलेला, ख्रिस्ती त्रैक्यातील एका व्यक्तीला लावावयाचा ईश्वरशास्त्रीय शब्द; पण तेथे त्याचा अर्थ ‘संस्था निर्मळ आहे, हा एकटा वाईट निघाला’ असा झाला. पकडलेल्या माणसाला ‘दिआमान्कान’ म्हणजे सुरक्षित केले, असे म्हणावयाचे. लोकांनी त्यासाठी आपला शब्द केला, ‘दिचिदुक’: पळीने आमटी काढावी तसा माणूस घरातून उचलला.

१९६५ च्या ऑक्टोबरनंतर काही महिन्यांत कम्युनिस्ट ठरविलेल्या लोकांची कत्तल झाली. निदान पाच लाख माणसे मारली गेली असावीत, असा इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे. लाखो तुरुंगात गेले. राजकीय कैद्याला ‘ताहानान पोलितिक’ म्हणत, त्याचे झाले ‘तापोल’. सुटकेनंतर त्याच्या ओळखपत्रावर ‘माजी तापोल’ या अर्थाची दोन अक्षरे छापलेली असत, आणि त्या दोन अक्षरांमुळे त्याला सरकारी नोकरी मिळत नसे. पण तुरुंगातल्या भिंतींआड याहून लहान एक शब्द होता: ‘दिबोन’. ‘बोन’ म्हणजे डच भाषेत पावती, चिठ्ठी. रात्री लष्कराचे लोक येत, चिठ्ठी देत आणि नावे पुकारून कैदी घेऊन जात. दुकानातून उधारीवर माल न्यावा तसे ते नेणे असे. ज्याला ‘बोन’ केले, तो बहुधा परत येत नसे.

जाकार्तातील कोणत्याही खाणावळीत जेवण झाल्यावर गिऱ्हाईक आजही ‘बोन’ मागते, आणि पोऱ्या बिलाचा कागद आणून ठेवतो.